कांटेरी झुडपांस नांव देणारा : कार्ल लिनिअस

महाबळेश्वरीं सुटी घालविण्यास गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनीं तेथील बाजारांत तीन फळें खचित पाहिलीं असतील : स्ट्रॉबेरी, रास्पबेरी व तुती. या तिहींपैकीं एकाच घराण्यांतील दोन कोणतीं, असा प्रश्न केला तर बहुतेक मुलें रास्पबेरी व तुती यांजकडे बोट दाखवितील. आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. दोन्ही फळें दाणेदार, दोन्ही मऊ, आणि दोहोंचा रस बोटांस लागला म्हणजे सहजासहजीं जात नाहीं. परंतु खरा न्याय निराळाच आहे. तुती ही वड, पिंपळ व फणस यांच्या कुलांतील. रास्पबेरी व स्ट्रॉबेरी मात्र गुलाबाच्या कुलांतील. डोळ्यांस जें सारखें दिसतें तें एका घरचें असतेंच असें नाहीं, हें ज्ञान केवळ फळाकडे पाहून होत नाहीं. त्यासाठीं फूल पाहावें लागतें. फूल पाहून, त्यांतील केसर मोजून, प्रत्येक झाडास त्याच्या पंक्तीस बसविण्याची शिस्त ज्यानें साऱ्या जगाला लाविली, त्या कार्ल लिनिअस या स्वीडिश पंडिताचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

लिनिअसचा जन्म २३ मे १७०७ रोजीं स्वीडन देशाच्या दक्षिणेकडील स्मोलंड प्रांतांत, रोशुल्ट नांवाच्या खेड्यांत झाला. त्याचे वडील निल्स हे प्रथम साहाय्यक धर्मोपदेशक होते व पुढें जवळच्याच स्टेनब्रोहुल्ट गांवचे मुख्य धर्मोपदेशक झाले. त्या काळीं तेथील शेतकरी लोकांस कायमचें आडनांव नसे. बापाच्या नांवावरून मुलाची ओळख चाले. निल्स विद्यापीठांत गेले तेव्हां आडनांव घेणें प्राप्त झालें, आणि घराण्याच्या जमिनींत एक जुना व मोठा लिंडन वृक्ष होता त्यावरून त्यांनीं लिनिअस हें नांव धारण केलें. ज्याला पुढें हजारों झाडांस नांवें द्यावयाचीं होतीं, त्याला स्वतःचें नांव एका झाडापासूनच मिळालें होतें.

निल्स यांस बागेचा मोठा नाद होता. कार्ल सुमारें चार वर्षांचा असतां तो वडिलांस प्रत्येक रोपाचें नांव विचारी आणि दुसऱ्या दिवशीं विसरून पुन्हां तेंच विचारी. एकदां वडील रागावले व त्यांनीं बजाविलें कीं, सांगितलेलीं नांवें ध्यानांत राहणार नसतील तर यापुढें एकही सांगणार नाहीं. त्या दिवसापासून नांवें लक्षांत ठेवणें हाच त्या बालकाचा ध्यास झाला. मुलाला धाक घालतांना आपण त्याच्या आयुष्याची दिशा ठरवीत आहों, हें त्या बापाला तरी कोठें ठाऊक होतें !

मुलानें आपल्याप्रमाणें धर्मोपदेशक व्हावें, ही वडिलांची इच्छा होती, आणि आई क्रिस्तिना हिची तर ती फारच उत्कट होती. त्यासाठीं कार्ल याला वेक्श्यो शहरांतील शाळेंत घातलें. परंतु धर्मशास्त्र, ग्रीक व हिब्रू यांत त्याचें मन रमेना. वर्ग चुकवून तो रानांत जाई, आणि परत येतांना झोळींत फुलें व किडे घेऊन येई. १७२६ सालीं वडील त्याची प्रगति विचारण्यास शाळेंत आले तेव्हां शिक्षकांनीं स्पष्ट सांगितलें कीं, हा मुलगा विद्येच्या कामाचा नाहीं. त्याला एखाद्या शिंप्याच्या किंवा जोडे शिवणाऱ्याच्या हाताखालीं द्यावा. पोटाला चिमटा घेऊन ज्या मुलाला इतकीं वर्षें शिकविलें, त्याच्याविषयीं हे शब्द ऐकून त्या गरीब पित्याची काय अवस्था झाली असेल, हें आमच्या पालकवर्गास सांगावयास नकोच.

निल्स यांची प्रकृति त्या वेळीं बरी नव्हती, म्हणून ते गांवचे वैद्य व त्याच शाळेंत शिकविणारे डॉक्टर योहान रोथमन यांजकडे गेले आणि बोलतां बोलतां मुलाचें दुःख त्यांना सांगितलें. रोथमन यांनीं दुसरी बाजू पाहिली. धर्मोपदेशक होण्यास हा मुलगा अपात्र असेल, परंतु वैद्यकास व वनस्पतिविद्येस याच्यासारखा विद्यार्थी मिळणार नाहीं, असें सांगून त्यांनीं कार्ल याला आपल्या घरीं ठेवून घेतलें व फुकट शिकविलें. फुलांची रचना पाहून वनस्पतींचे वर्ग कसे पाडतात, याचा पहिला पाठ त्याला येथेंच मिळाला. ज्या मुलाला एका शिक्षकवर्गानें निरुपयोगी ठरविलें, त्याला त्याच शाळेंतील दुसऱ्या शिक्षकानें वांचविलें. आईला मात्र हा बदल फार दिवस सहन झाला नाहीं. धाकटा मुलगा सामुएल हाही फुलांच्या नादीं लागूं नये म्हणून ती जपत असे. सामुएल पुढें वडिलांच्याच गादीवर धर्मोपदेशक झाला. पण त्यानेंही मधमाशांवर एक ग्रंथ लिहिलाच. क्रिस्तिना १७३३ सालीं वारली. थोरल्या मुलाची कीर्ति पाहण्याचें तिच्या नशिबीं नव्हतें.

१७२७ सालीं लिनिअस लुंड येथील विद्यापीठांत गेला व दुसऱ्याच वर्षीं उप्साला येथें आला. तेथें त्याचे दिवस अत्यंत हलाखींत गेले. वडिलांनीं दिलेले थोडेसे पैसे लवकरच संपले. जोड्यांचे तळ झिजले तेव्हां त्यांत कागद घालून तो चाले. १७२९ सालीं विद्यापीठाच्या बागेंत तो एका फुलाचें निरीक्षण करीत असतां एका वयस्क गृहस्थानें त्याला कांहीं झाडांचीं नांवें विचारलीं. त्यानें तीं अचूक सांगितलीं. ते गृहस्थ म्हणजे धर्मशास्त्राचे अध्यापक ओलोफ सेल्सिअस होत. ज्यांचें नांव उष्णतामापक यंत्राशीं जोडलेलें आहे, त्या अँडर्स सेल्सिअस यांचे हे चुलते. बायबलांत ज्या झाडांचा उल्लेख आहे त्यांजवर ते त्या वेळीं ग्रंथ लिहीत होते. त्यांनीं या फाटक्या विद्यार्थ्याला आपल्या घरीं राहावयास जागा दिली, जेवूं घातलें व आपला ग्रंथसंग्रह त्याला मोकळा केला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १७३० सालीं, लिनिअस बागेंत इतर विद्यार्थ्यांस वनस्पतिशास्त्रावर व्याख्यानें देऊं लागला.

१७३२ सालच्या मे महिन्यांत उप्साला येथील विज्ञानसंस्थेच्या मदतीनें तो स्वीडनच्या अगदीं उत्तरेस असलेल्या लॅपलँड प्रांताच्या प्रवासास निघाला. वय अवघें पंचवीस, वाहन एक घोडें, सामान बेताचें. दलदली, बर्फाचे डोंगर, वितळलेल्या पाण्यानें फुगलेल्या नद्या व डांसांचे थवे यांतून त्यानें सुमारें पांच महिने वाट काढली. कित्येकदां अन्न मिळालें नाहीं. या प्रवासांत त्याची गांठ एका लहानशा झुडपाशीं पडली. आर्क्टिक रास्पबेरी म्हणून तें ओळखलें जातें. उंचीला वीतभर, गुलाबी फुलांचें व लाल, सुवासिक फळांचें असें हें रोपटें उत्तरेकडील ओल्या जमिनींत उगवतें. भुकेनें व श्रमानें गळून गेलों असतां याच फळाच्या मद्यासारख्या मधुर रसानें आपणांस अनेक वेळां उभें केलें, म्हणून त्याचें वर्णन न करणें कृतघ्नपणाचें होईल, अशा अर्थाचा मजकूर त्यानें १७३७ सालीं ॲमस्टरडॅम येथें छापलेल्या आपल्या लॅपलँडच्या वनस्पतींवरील ग्रंथांत घातला. शास्त्रीय ग्रंथांत एका झुडपाचे आभार मानलेले आम्हांस तरी दुसरीकडे क्वचितच आढळले आहेत.

त्याच प्रदेशांत दलदलींतून पिवळसर नारिंगी फळ देणारें दुसरें एक रोपटें वाढतें. इंग्रजींत त्याला क्लाउडबेरी म्हणतात. त्या थंड मुलखांतील सामी लोकांस तें मोठें आधाराचें अन्न असे. जुन्या वनस्पतिवेत्त्यांनीं त्याच्या फळाचें रूप पाहून त्याला भुईतुती या अर्थाचें नांव दिलें होतें. म्हणजे आरंभीं आम्ही ज्या चुकीविषयीं बोललों तीच चूक येथेंही घडली होती : फळ तुतीसारखें, म्हणून झाड तुतीचें ! लिनिअसनें फुलाकडे पाहिलें आणि त्याला कांटेरी रास्पबेरीच्या पंक्तीस बसविलें. जुनें नांव मात्र त्यानें टाकून दिलें नाहीं, तर तें त्या जातीचें विशेषण म्हणून राखलें.

१७३५ सालीं वैद्यकाची पदवी घेण्यासाठीं तो हॉलंड देशांत गेला. हार्डरवाइक येथें ती पदवी त्यानें थोड्याच दिवसांत मिळविली. त्याच्याजवळ एक हस्तलिखित होतें. लायडन येथील ग्रोनोव्हिअस नांवाच्या विद्वानानें तें पाहिलें व एका मित्राच्या साहाय्यानें स्वखर्चानें छापून काढलें. सृष्टीची व्यवस्था या अर्थाच्या नांवाचा हा ग्रंथ पहिल्या आवृत्तींत मोठ्या आकाराच्या डझनभर पानांचाच होता; परंतु त्यांत खनिजें, वनस्पति व प्राणी यांची सारी मांडणी कोष्टकांत आणलेली होती. पुढें डच ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक जॉर्ज क्लिफर्ड यांनीं आपल्या हार्टेकँप येथील प्रसिद्ध बागेची व्यवस्था त्याच्याकडे सोंपविली. पृथ्वीच्या चारी बाजूंकडून आलेलीं झाडें तेथें त्याला एकत्र पाहावयास मिळालीं. १७३८ सालीं तो स्वदेशीं परतला, १७३९ सालीं सारा मोरेआ हिच्याशीं त्याचा विवाह झाला, आणि १७४१ सालीं तो उप्साला येथें अध्यापक झाला. ज्या बागेंत तो झिजलेल्या जोड्यांनीं हिंडला होता, तीच बाग आतां त्याच्या ताब्यांत आली.

आतां त्याच्या कार्याचें मर्म सांगूं. पूर्वीच्या ग्रंथांत वनस्पतींचीं नांवें म्हणजे लांबलचक वर्णनेंच असत. रास्पबेरीचें उदाहरण घ्या. पांच किंवा तीन पर्णिकांचीं पानें असलेलें, कांटेरी खोडाचें व पन्हळीसारख्या देठांचें कांटेझुडूप, अशा अर्थाचें तिचें शास्त्रीय नांव होतें. नवी जात सांपडली कीं हें वर्णन आणखी लांबवावें लागे, आणि दोन ग्रंथांत एकच वर्णन मिळेल याची खात्री नसे. लिनिअसनें १७५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींच्या जातींवरील द्विखंडात्मक ग्रंथांत हें वर्णन कायम ठेवलें, पण समासांत प्रत्येक जातीपुढें एकेक सुटसुटीत शब्द लिहिला. पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा जातीचा, अशीं दोन शब्दांचीं नांवें तेव्हांपासून सर्वत्र रूढ झालीं. आपण नाहीं का, आधीं घराणें व मग व्यक्ति अशी ओळख सांगत ? तसेंच हें. आजही वनस्पतींच्या शास्त्रीय नांवांचा आरंभ याच ग्रंथापासून धरला जातो.

कांटेझुडपांच्या प्रजातीस त्यानें रूबस हें रोमन लोकांचें जुनें नांव दिलें व तिच्या पोटांत दहाबारा जाती मांडल्या. रास्पबेरी ही रूबस ईडीअस झाली. प्राचीन लोक तिचा संबंध ईडा नांवाच्या पर्वताशीं जोडीत, म्हणून. युरोपांतील कुंपणाकुंपणांतून माजणारी काळी ब्लॅकबेरी ही रूबस फ्रुटिकोसस, म्हणजे झुडपाळ. जिच्या फळावर निळसर राखी झांक असते ती रूबस सीझिअस. खडकाळ जागीं वाढणारी ती रूबस सॅक्सॅटिलिस. भुईतुती ती रूबस कॅमीमोरस. आणि लॅपलँडांत ज्या रोपट्यानें त्याला जगविलें तें रूबस आर्क्टिकस, म्हणजे उत्तरेचें. एकेका शब्दांत रूप, ठिकाण किंवा इतिहास आणून ठेवण्याचें हें कौशल्य पाहिलें म्हणजे चार वर्षांच्या त्या विसराळू बालकाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

वर्ग पाडण्यासाठीं लिनिअस फुलांतील पुंकेसर व स्त्रीकेसर मोजी. ज्या फुलांत वीस किंवा अधिक पुंकेसर पुष्पकोशाच्या कडेला लागलेले असतात व स्त्रीकेसर पुष्कळ असतात, त्यांचा त्यानें एक गट केला. त्यांत गुलाब, कांटेझुडूप व स्ट्रॉबेरी हीं एकत्र आलीं. तुतीचीं नर व मादी फुलें वेगळालीं असतात आणि नरफुलांत चारच केसर असतात. म्हणून ती दूरच्या वर्गांत गेली. हें कसें खरें आहे तें फळ उकलून पाहावें. रास्पबेरीचे सर्व दाणे एकाच फुलाच्या अनेक स्त्रीकेसरांपासून होतात. तुतीचा मात्र प्रत्येक दाणा हा एका स्वतंत्र फुलाचा असतो. स्ट्रॉबेरीचा लाल गर म्हणजे फुगलेला पुष्पाधार होय, व तिच्या अंगावरील ज्यांना आपण बिया म्हणतों तींच तिचीं खरीं फळें. रास्पबेरी खुडली म्हणजे तिचा पुष्पाधार झाडावरच राहतो आणि फळ टोपीसारखें पोकळ निघतें. ब्लॅकबेरीचा पुष्पाधार फळाबरोबरच येतो. एवढी खूण ध्यानांत ठेवली तर या दोन बहिणींत घोटाळा होणार नाहीं.

अध्यापक म्हणून लिनिअस फार लोकप्रिय होता. उन्हाळ्यांत तो विद्यार्थ्यांना घेऊन रानांत जाई. कधीं कधीं शेंकडों मुलें बरोबर असत. दुर्मिळ रोप सांपडलें कीं शिंग वाजे, सर्व मंडळी गोळा होत व गुरुजी तेथेंच विवरण करीत. संध्याकाळीं नगारे वाजवीत ही दिंडी बागेपर्यंत परत येई. १७५० सालीं त्याला संधिवातानें फार छळलें. अन्न व झोंप दोन्ही गेलीं. त्या वेळीं रानांतील बारीक स्ट्रॉबेरी त्यानें मनसोक्त खाल्ल्या आणि त्याला आराम वाटला. तेव्हांपासून तो दर हंगामांत त्या भरपूर खाई व आपली व्यथा त्यांनींच बरी केली असें सांगे. आजचे वैद्य या उपायाची हमी देणार नाहींत; पण आपल्या आवडीच्या झाडांवर त्याची किती श्रद्धा होती तें यावरून दिसतें.

त्यानें आपले अनेक शिष्य दूरदूरच्या देशांत पाठविले. कोणी उत्तर अमेरिकेंत, कोणी अरबस्तानांत, कोणी दक्षिण अमेरिकेंत गेला. पेर काल्म हा अमेरिकेहून सुखरूप परतला व त्यानें आणलेल्या वनस्पति गुरूच्या मोठ्या ग्रंथांत आल्या. परंतु हासेलक्विस्त १७५२ सालीं पश्चिम आशियांत, लफ्लिंग १७५६ सालीं व्हेनेझुएलांत व फोर्स्कोल १७६३ सालीं येमेन देशांत मरण पावला. सारे ऐन तारुण्यांत गेले. आपण आज पुस्तकांत जीं नांवें सहज वाचून पुढें जातों, त्यांतील कित्येकांची किंमत अशी प्राणांनीं भरलेली आहे.

आपल्या देशाशींही त्याच्या कार्याचा संबंध आहे. मलबारच्या वनस्पतींवर डच अधिकारी व्हान ऱ्हीडे यांनीं १६७८ ते १६९३ या काळांत बारा खंडांचा ग्रंथ काढला होता. भारतीय झाडांसाठीं लिनिअसनें त्याचा पुष्कळ आधार घेतला. त्या ग्रंथाच्या कामांत इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे कोंकणी वैद्यही होते. या तिघांची नागरी लिपींत लिहिलेली कोंकणी साक्ष त्या ग्रंथांत छापलेली आहे. पुढें लिनिअसचा शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग हा १७६८ सालीं तरंगंबाडी येथील मिशनचा वैद्य म्हणून दक्षिण भारतांत आला, व १७८५ सालीं मृत्यु येईपर्यंत तो आशियांतच वनस्पति गोळा करीत राहिला. दुसरा शिष्य थुनबर्ग यानें १८१३ सालीं एका कांटेझुडपास रूबस निव्हिअस, म्हणजे हिमासारखें शुभ्र, असें नांव दिलें. पानांची खालची बाजू पांढरी असलेली ही रास्पबेरी भारताच्या डोंगरांतूनही वाढते, व म्हैसूर रास्पबेरी म्हणून प्रसिद्ध आहे.

थोर पुरुषाच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. नाहींतर तें चरित्र न होतां स्तोत्र होतें. लिनिअसनें मनुष्यांचेही खंडांप्रमाणें चार भाग पाडले आणि १७५८ सालच्या आवृत्तींत प्रत्येक भागाला ठराविक स्वभाव चिकटविला. फुलाचे केसर मोजावे तसे मनुष्याचे गुण मोजतां येत नाहींत. येथें त्यानें पाहिलें थोडें व ऐकीव गोष्टींवर विश्वास टाकला फार, आणि त्या चुकीचा पुढें पुष्कळांनीं दुरुपयोग केला. दुसरें असें कीं, केसरांची गणती ही पद्धति सोयीची असली तरी सृष्टीचें खरें नातें तिनें नेहमींच कळत नाहीं. हें तो स्वतःही जाणून होता. १७८९ सालीं फ्रान्समध्यें ज्यूसिए यानें अनेक लक्षणें एकत्र पाहून नैसर्गिक कुलें मांडलीं आणि केसरगणती मागें पडली. दोन शब्दांचीं नांवें मात्र टिकलीं.

आणि गंमत अशी कीं, ज्या कांटेझुडपास त्यानें एका शब्दांत बांधलें, त्यानेंच त्याच्या पश्चात् शास्त्रज्ञांना सर्वांत अधिक दमविलें. रूबस फ्रुटिकोसस ही एक जात, असें लिनिअसनें लिहिलें. जर्मनींत वाइहे व नेस फॉन एझेनबेक यांनीं १८२२ ते १८२७ या काळांत बारकाईनें पाहिलें, तो एकीच्या जागीं अनेक ! ब्रेमेन येथील डॉक्टर फोके यांनीं १९१० ते १९१४ या काळांत साऱ्या जगांतील कांटेझुडपांचा मोठा ग्रंथ काढला, तरी वाद मिटला नाहीं. आज एकट्या ब्रिटनमध्यें ब्लॅकबेरीच्या तीनशेंहून अधिक सूक्ष्म जाती मानल्या जातात, आणि त्यांच्या अभ्यासाला बॅटॉलॉजी असें स्वतंत्र नांव आहे. याचें कारण मोठें नवलाचें आहे. या झुडपांपैकीं बहुतेकांत बीजांडाचा पुंबीजाशीं संयोग न होतांच बीं तयार होतें. तें बीं रुजून आलेलें रोप कलमासारखें हुबेहूब आईच्या वळणाचें निघतें. मग कधीं काळीं दोन जातींच्या संकरानें एखादें नवें रूप उत्पन्न झालें, तर तें पिढ्यान् पिढ्या तसेंच राहतें. त्याला जात म्हणावें कीं नुसता प्रकार, हा प्रश्न सुटत नाहीं. म्हणून लिनिअसचें नांव आतां त्या साऱ्या समूहाचें नांव म्हणून वापरतात. प्रत्येक जात सृष्टीच्या आरंभापासून ठरलेली आहे अशी पूर्वीं त्याची समजूत होती; उत्तर वयांत मात्र संकरापासून नव्या जाती होत असाव्यात, असें तो मानूं लागला होता. तेव्हां कांटेझुडपांची ही कथा ऐकून तो रागावला नसता, असें आम्हांस वाटतें.

१७६१ सालीं स्वीडनच्या राजानें त्याला सरदारकी दिली. १७७४ सालीं त्याला अर्धांगाचा झटका आला व १७७६ सालीं पुन्हां आला. ज्याच्या ओठांवर हजारों नांवें खेळत असत, त्याला शेवटीं शेवटीं स्वतःचें नांवही धड आठवेना. १० जानेवारी १७७८ रोजीं त्यानें देह ठेवला. उप्साला येथील मुख्य देवालयांत त्याची समाधि आहे. त्याचा मुलगा कार्ल हाही १७८३ सालीं वारला. तेव्हां त्याच्या विधवा पत्नीनें सर्व संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रज वैद्यक विद्यार्थ्याला विकला. स्मिथ यानें १७८८ सालीं लंडनमध्यें लिनिअसच्या नांवानें संस्था काढली, आणि तो संग्रह आज तिच्याच ताब्यांत आहे. याच स्मिथनें १८१५ सालीं आपल्या हिमालयांतील पिवळ्या रास्पबेरीला रूबस एलिप्टिकस हें नांव दिलें. कुमाऊंकडील मुलें तिला हिसालू म्हणतात व रानांतून वेंचून खातात. एका स्वीडिश खेड्यांतील बागेंत सुरू झालेला नांवांचा धागा असा हिमालयापर्यंत पोंचला.

एखाद्या सार्वजनिक बागेंत वडाच्या, पिंपळाच्या किंवा आंब्याच्या बुंध्यावर शास्त्रीय नांवाची पाटी असली, तर त्या नांवाच्या शेवटीं एल् हें एकच अक्षर पाहावें. तें या लिनिअसचें चिन्ह. विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, पाटीवरचें नांव पाठ करून थांबूं नये. फूल हातांत घ्यावें, केसर मोजावे, फळ उकलावें, आणि पुस्तकांतलें खरें आहे कीं नाहीं तें स्वतः ताडून पाहावें. पालकांस सांगावयाचें तें थोडें निराळें. वर्गांत मागें पडलेला आपला मुलगा खिशांत पानें, किडे व दगड भरून घरीं आला, तर त्याला रागावण्यापूर्वीं, तो त्यांत काय पाहतो आहे, एवढें एकदां विचारावें. निल्स लिनिअस यांस वेळेवर एक रोथमन भेटले. प्रत्येक बापाला ते भेटतीलच असें नाहीं. परंतु रोथमन यांनीं जो प्रश्न केला, तो प्रत्येक आईबापाला घरच्या घरीं करतां येण्याजोगा आहे.